भोरचा नाना, बर्लिनची सोयरीक

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की अंथुर्ण्यानंतर शेळगावचा फाटा लागतो. दोन्ही अंगाला ऊस. या पट्ट्यात उसाला पाणी येतं ते नीरा डाव्या कालव्यातून, आणि त्या कालव्याच्या पाण्याचा मोठा साठा आहे वर भोर तालुक्यात, भाटघरला. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला पाणी अडतं आणि दुसऱ्या टोकाला रान भिजतं. याच भोरमध्ये, ते पंतसचिवांचं संस्थान असताना, 23 जुलै 1947 रोजी मोहन आगाशे जन्मले. पेशानं मानसोपचारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात आणि ससूनमध्ये शिकवलेले प्राध्यापक, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ नट. नायक म्हणून त्यांचं नाव फारसं कुणी घेणार नाही. आपण त्यांना चरित्र अभिनेता म्हणतो. हा शब्दही गमतीचाच आहे. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा, तेव्हा चरित्र अभिनेता म्हटलं की कुणी थोर पुरुषांच्या भूमिका करणारा नट असेल असं वाटावं. शेळगावच्या जत्रेत कनातीसमोर बसलेल्या माणसाला विचाराल तर त्याच्याकडे जास्त नेमका शब्द आहे: सोंगाड्या. नायक-नायिका आपापल्या जागी उभी असतात. सोंगाड्या मात्र कुणीही होतो, राजाचा प्रधान, मावशी, चोर, पाटील. त्याला स्वतःचा चेहरा नसतो असं नाही, पण तो चेहरा त्याला घरी ठेवून यावा लागतो.

असा नट परदेशी गेला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: तिकडचे चित्रपट किती केले? मोजदाद तिथून सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. या हिशेबानं आगाशे यांच्या खात्यावर फार काही जमा होत नाही. पण हा हिशेबच चुकीच्या वहीत मांडलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. नट परदेशी गेला का, हा प्रश्न दुय्यम. तो कोणत्या नात्यानं गेला, हे आधी विचारावं. दुसऱ्याच्या घरी माणूस पाहुणा म्हणून जातो, चाकर म्हणून जातो किंवा सोयरा म्हणून जातो. पाहुण्याला पाटावर बसवतात, चाकराला काम सांगतात आणि सोयऱ्याशी देणंघेणं होतं. आगाशे तिन्ही नात्यांनी गेले, म्हणूनच त्यांची कारकीर्द या प्रश्नाचा छडा लावायला उपयोगी पडते.

सुरुवात उसाच्या रानातूनच झाली. जब्बार पटेल यांचा 'सामना' 1975 साली पश्चिम बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, विषय साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या सत्तेचा. वालचंदनगर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या वाचकाला त्यातला हिंदुराव कुणी समजावून सांगायला नको. निळू फुले हिंदुराव, श्रीराम लागू मास्तर, आणि मारुती कांबळेच्या भूमिकेत मोहन आगाशे. पटेल बालरोगतज्ज्ञ, लागू कान-नाक-घशाचे आणि आगाशे मनाचे डॉक्टर. एका चित्रपटात इतकी डॉक्टरी झाली, तरी गावाचा रोग काही बरा होत नाही. मारुती कांबळे हा गावातून नाहीसा झालेला माणूस. तो आठवणींतून दिसतो तेवढाच, पण त्याचं नाव चित्रपटभर सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेलं असतं. चरित्र अभिनेत्याच्या कामाचा याहून चांगला नमुना मला तरी सापडत नाही. पडद्यावर थोडा वेळ असायचं आणि नसताना पडदा व्यापायचा. बर्लिनच्या प्रेक्षकाला चेअरमन म्हणजे काय, सहकार म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण एक माणूस होता आणि आता नाही, एवढं कुठल्याही गावात कळतं.

याच लागूंचा परदेश मात्र अगदी उलटा होता. ते पूर्व आफ्रिकेत, टांझानियातल्या टाबोरा गावी, तीन वर्षं डॉक्टर म्हणून होते. हातात पदवी होती, काम होतं, रंगभूमी तेवढी नव्हती. परत आल्यावर त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं आणि 1970 साली 'नटसम्राट' केलं. म्हणजे डॉक्टरीच्या पासपोर्टावर परदेशी गेलेला माणूस नट म्हणून घरी परतला. नटाला सोबत त्याची मंडळी लागते, त्याची भाषा बोलणारा समोरचा नट लागतो. एकटा नट परदेशी जातो तेव्हा तो बहुधा अर्धाच जातो.

1980 साली आगाशे युरोपात गेले ते पुरे गेले, कारण त्यांच्याबरोबर भिंत गेली. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये नाटक थांबलं, कलावंत बाहेर पडले, मार्च 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि जानेवारी 1974 मध्ये घाशीराम पुन्हा रंगमंचावर आला. रमेश टिळेकर घाशीराम, आगाशे नाना फडणवीस. पण नाटकाचं पहिलं पात्र म्हणावं तर ती बारा ब्राह्मणांची भिंत. पांढऱ्या धोतरांतली माणसं खांद्याला खांदा लावून झुलतात. त्यांनी पाठ फिरवली की भिंत होते, तोंड वळवलं की पुणं होतं, मध्ये फट पडली की तिथं दरवाजा. ज्यांनी बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण पाहिलं आहे, त्यांना माणसांचं कडं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. माणसं नुसती उभी राहतात आणि मोकळ्या माळाला आत-बाहेर येतं.

या भिंतीपुढे आगाशे यांचा नाना यायचा. गुलाबीच्या कोठीवरचा प्रसंग घ्या. नाना रंगात येतात, नाचतात, पाय लचकतो. घाशीराम झटकन वाकून पुढे होतो आणि पेशव्यांच्या कारभाऱ्याचा दुखरा पाय त्याच्या पाठीवर टेकतो. पुढचं सगळं नाटक या एका टेकण्यात आहे. वाकलेला माणूस उठणार आहे, पुणं नासवणार आहे, आणि ज्याचा पाय पाठीवर होता तोच एक दिवस त्याला जमावाच्या हाती देणार आहे. या क्षणाला भाषांतर लागत नाही. पाय किती जड टाकला, घाशीरामाची पाठ किती वाकली आणि पाय काढताना नानानं खाली पाहिलं की नाही, एवढंच पाहायचं. नटाचं काम इथं बोलण्यात नाही, वजनात आहे. नाटकाचं नाव दुसऱ्याचं आणि शेवटचा दगड पडतो तोही त्या दुसऱ्यावर. नाना हे मुख्य पात्र असूनही सोंगाड्याचं पात्र आहे, ते या अर्थानं. तो भक्त होतो, रंगेल होतो, मुत्सद्दी होतो, आणि यातला खरा कोणता हे शेवटपर्यंत कळू देत नाही.

परदेश दौऱ्याला घरातूनच विरोध झाला. नानांची अशी प्रतिमा परक्यांपुढे न्यायची का, असा प्रश्न विचारला गेला, प्रकरण न्यायालयापर्यंत पोचलं, आणि तरी संच गेला. जर्मनी, फ्रान्स, इटली, इंग्लंड, हॉलंड, पुढे अमेरिकाही. हा विरोध आज वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. विरोधकांनी नाटक जेवढं गंभीरपणे घेतलं, तेवढं ते त्याच्या बऱ्याच चाहत्यांनीही घेतलं नव्हतं. पाहुणा म्हणून जाणारा आपल्या घरची कोणती गोष्ट सांगणार, याची काळजी घरच्यांना वाटतेच. आणि पाहुणा होण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे: काय सांगायचं ते तो स्वतः ठरवून जातो. भाषा मराठी, ठेका मराठी, कीर्तन, लावणी, अभंग सगळं आपलं. नाटकात एक गोरा साहेबही आहे आणि त्याचं सोंग मराठी नट काढतो. लंडनच्या प्रेक्षकाला त्या साहेबात स्वतःचा पूर्वज मराठी नटाच्या अंगावर चढलेला पाहावा लागला असेल, हे चित्र मनात आणलं तरी बरं वाटतं.

यावर एक आक्षेप जुना आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तिकडच्या प्रेक्षकांनी पाहिलं ते नाटक नव्हे, नवल. धोतरं, शेंड्या, मृदंग, रांगेनं झुलणारी माणसं. भाषा कळत नाही म्हणून रूपावर लुब्ध व्हायचं, याला दाद म्हणावं का? काही प्रेक्षकांच्या बाबतीत हे खरंच असणार. पण घाशीराममध्ये रूप हाच आशय आहे. भिंत झुलते तेव्हा ती शोभा आणत नाही, ती लपवते. सत्तेपुढे रांगेत उभं राहून डोळे मिटणारा समाज म्हणजेच ती भिंत. फाळणी झालेल्या बर्लिनमध्ये भिंत या शब्दाला आणखी काय अर्थ होता, ते सांगायला हवं का? नवलाईपोटी आलेल्या माणसालाही रंगमंचावर माणसांची भिंत उभी दिसते तेव्हा तो तिच्यात आपलं काहीतरी वाचतो. पाहुणा इतकंच करू शकतो. घरात शिरून भांडी घासायला लागला तर तो पाहुणा राहत नाही.

चाकरीचं नातं वेगळं. तिथं भूमिका त्यांची, भाषा त्यांची, कथाही त्यांची. अमरीश पुरींनी सत्यदेव दुबे यांच्या रंगभूमीवर किती वर्षं घासली, आणि जगाला ते माहीत झाले 1984 च्या 'इंडियाना जोन्स'मधल्या, छातीतून काळीज काढणाऱ्या मोलारामामुळे. झोहरा सेहगल 1962 साली लंडनला गेल्या, सईद जाफरी तिथंच स्थायिक झाले. दोघेही असामान्य नट, आणि ऐंशीच्या दशकात दोघेही चॅनल फोरवरच्या 'तंदूरी नाइट्स'मध्ये हॉटेलवाल्यांच्या गोष्टीत भेटतात. यात कमीपणा काही नाही. पोट भरायला हवं आणि पुढच्या पिढीसाठी दार किलकिलं व्हायला हवं. पण या दोघांच्या भूमिकांची यादी काढली तर तिच्यात दुकानं, हॉटेलं आणि गेलेल्या साम्राज्याचे राजेरजवाडे यांची दाटी दिसते. उलट रोहिणी हट्टंगडींनी 'गांधी'मध्ये कस्तुरबा साकारली, चित्रपट इंग्रजी, दिग्दर्शक इंग्रज, आणि सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून मिळाला. चित्रीकरण बहुतेक सगळं इथंच. परदेश स्वतःच त्यांच्या दारी चाकरी घेऊन आला, आणि ती चाकरी चांगल्या घरची होती.

आगाशे यांच्या वाट्याला आलेली परदेशी चाकरी म्हणजे मीरा नायर यांचा 1991 चा 'मिसिसिपी मसाला'. इदी अमीननं युगांडातून हाकललेलं भारतीय कुटुंब अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मोटेलात येऊन पडतं, त्याची ही कथा. रोशन सेठ, शर्मिला टागोर आणि डेन्झल वॉशिंग्टन यांच्या आजूबाजूला जी गुजराती मोटेलवाल्यांची बिरादरी दिसते, तिच्यात दोन पुणेकर मोहन आहेत: मोहन आगाशे आणि मोहन गोखले. मिसिसिपीत जाऊन पुण्याच्या दोघांनी पटेल समाज उभा करायचा, यात सोंगाड्याच्या धंद्याचं सगळं सार आलं. गोखल्यांना याची सवय होती. दूरदर्शनच्या 'मिस्टर योगी'त ते अमेरिकेहून लग्नासाठी आलेले योगेश पटेल होऊन घरोघर पोचले होते. आगाशे यांची भूमिका लहान आहे. ती मोठी होती असं भासवण्यात अर्थ नाही.

इथं माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत कडक आक्षेप समोर येतो, आणि तो आणणारा माणूस घाशीरामच आहे. 1976 साली 'घाशीराम कोतवाल'वर चित्रपट झाला. नाना आगाशेच होते, घाशीराम होते ओम पुरी, त्यांचा हा सुरुवातीचा चित्रपट. पाच वर्षांनी सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त दोघे पुन्हा समोरासमोर आले. ओम पुरी दुखी चांभार आणि आगाशे ब्राह्मण, ज्याचं नाव प्रेमचंदांनी घासीराम ठेवलेलं. नाना फडणवीस घासीराम झाला आणि घाशीराम त्याच्या दारी लाकूड फोडता फोडता मेला. योगायोग असेल, पण तेंडुलकरांना आवडला असता असा. पुढे ओम पुरी इंग्लंडला जाऊन भाड्यानं काम करणारे नट झाले, आणि 1999 च्या 'ईस्ट इज ईस्ट'मध्ये सॅलफर्डच्या जॉर्ज खानची प्रमुख भूमिका अशी केली की बाफ्टाच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनात त्यांचं नाव आलं. 'मंडी'पासून हिंदी चित्रपटांत लहानमोठी कामं करणारे मुंबईचे हरीश पटेल 2007 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'रफ्ता रफ्ता' या नाटकाचा कणा झाले, आणि 2021 साली मार्व्हलच्या 'इटर्नल्स'मध्ये दिसले. म्हणजे चाकर म्हणून गेलेल्यालाही मखर मिळतं. मग पाहुणचाराचं एवढं कौतुक कशाला?

पण ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. 'ईस्ट इज ईस्ट' आणि 'रफ्ता रफ्ता' दोन्ही एकाच माणसानं लिहिली आहेत: अयुब खान-दीन, सॅलफर्डमध्येच वाढलेला, पाकिस्तानी बापाचा आणि इंग्रज आईचा मुलगा. त्याला दुकानदार लिहायचा नव्हता, बाप लिहायचा होता. ओम पुरी आणि हरीश पटेल यांना त्या देशानं भूमिका दिल्या असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्या घरात एक सोयरा आधीच बसलेला होता, त्यानं दिल्या. मीरा नायरही त्याच जातीच्या. तेव्हा हा आक्षेप माझं म्हणणं मोडत नाही, त्याला उलट एक टेकूच देतो. सोयरीक झाल्याशिवाय चाकरीला प्रतिष्ठा येत नाही.

आगाशे यांची सोयरीक बर्लिनशी झाली, आणि ती पडद्यावर शोधली तर सापडत नाही. पश्चिम बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांचं ग्रिप्स नावाचं बालनाट्यगृह आहे. ग्रिप्स हा तिथल्या बोलीतला शब्द, अर्थ साधारण अक्कल, तल्लखपणा. तिथल्या नाटकांत राजकन्या नसते, परी नसते, बोलणारे ससे नसतात. मोठ्यांनी रागावलेलं, शेजाऱ्यानं हाकललेलं, आईबापांच्या भांडणात सापडलेलं खरं मूल असतं आणि त्याची भूमिका मोठा नट करतो. मुलासारखा चिरका आवाज काढायचा नाही, गुडघ्यावर चालायचं नाही. हे रोपटं आगाशे यांनी पुण्यात आणलं. ग्रिप्सचे दिग्दर्शक वोल्फगांग कोल्नेडर पुण्यात आले आणि 1986 साली 'छान छोटे वाईट मोठे' उभं राहिलं. पुढे श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे अशी मंडळी या परंपरेत घडली, आणि मराठी बालनाट्याला चेटकिणीशिवायही चालतं हे सिद्ध झालं. मनाचा डॉक्टर असलेल्या नटाला हे नाटक का भावलं असेल, हे समजायला फार डोकं चालवावं लागत नाही. मूल हे छोटं माणूस आहे, गंमत नाही, हे त्याला रुग्णालयात आधीच दिसलेलं असतं. आणि मोठ्या नटानं मूल करायचं म्हणजे सोंग काढायचंच, पण टिंगल न करता. सोंगाड्याची ही वरची परीक्षा आहे.

ही देवघेव एकट्या आगाशे यांची नव्हती, हे लगेच सांगायला हवं. विजया मेहतांनी पूर्व जर्मनीच्या फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर काम केलं, जर्मन नटांना घेऊन 'शाकुंतल' आणि 'हयवदन' बसवलं. भिंतीच्या एका बाजूला त्यांची वायमार-लाइपझिगची वाट, दुसऱ्या बाजूला आगाशे यांची पश्चिम बर्लिनची. जर्मनीनं आगाशे यांना आपला नागरी सन्मान दिला आणि 2004 साली गोएथे पदकही. त्याच वर्षी ते पदक मिळालेल्यांत हंगेरीचे नोबेलविजेते कादंबरीकार इम्रे केर्तेझ होते. आपल्याकडे या बातमीचा गाजावाजा किती झाला आणि एखाद्या नटाला हॉलिवूडच्या चित्रपटात दोन वाक्यं मिळाली की किती होतो, याची तुलना केली तर आपली वही कुठं चुकते ते दिसतं.

आता दोन गोष्टी माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात, त्या मी मांडतो. पहिली अशी, की हे सगळं डॉक्टरच्या पगारावर शक्य झालं. ज्याची चूल ससूनच्या नोकरीवर पेटते त्याला पाहुणा होणं परवडतं. ज्याला महिन्याचं भाडं लंडनमध्ये भरायचं आहे, तो मोलाराम नाकारू शकत नाही. हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की परवडणाऱ्यांतले बरेच जण परवडत असूनही असलं काही करत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. घाशीरामनं ज्या तमाशातून, गोंधळातून, कीर्तनातून आपली चाल घेतली, ते करणारी माणसं युरोपला गेली नाहीत. गेले ते पुण्यातले डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले नोकरदार. आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला राहुट्या पडतात, फडमालक बसतात, गावकरी जत्रेची सुपारी देतात, आणि त्या फडांतल्या सोंगाड्याला तालुक्याची वेस ओलांडताना ट्रकच्या डिझेलचा हिशेब करावा लागतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, पण अखेरचे दिवस हलाखीतच गेले. या आक्षेपाला उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. सोयरीक झाली ती मोठ्या वाड्याशी, लग्नात वाजवणारे दारातच राहिले.

सत्तरी जवळ आली तेव्हा आगाशे यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' केला. त्यात ते संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री आहेत. स्मृतिभ्रंशानं त्यांची एकेक ओळख गळून पडते आहे. एक दिवस रस्त्यात हत्ती दिसतो आणि शास्त्रीबुवा मोटारीतून उतरून मुलासारखे त्याच्या मागून चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. ती भूमिका अमृता सुभाष यांची, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माची भाषा कानडी वळणाची, शास्त्रीबुवांकडे शब्द उरलेलेच नाहीत. जन्मभर ज्यानं भाषेवर पोट भरलं तो म्हातारा एका परक्या बाईच्या पालापुढे बसलेला असतो, आणि ती त्याला लेकरासारखं खाऊ घालत असते.